पंडिता रमाबाई : एका आईची गोष्ट



पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. परीक्षेच्या दृष्टीने त्यांची माहिती चार ओळींत बसते : जन्म १८५८, शारदा सदन १८८९, केडगावचे मुक्ती मिशन, मृत्यू १९२२. मुलं ते पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो. पण रमाबाई आई होत्या, तेही एकट्या, विधवा, आणि एका मुलीच्या आई, हे त्या चार ओळींत कुठेच येत नाही. आज तीच बाजू सविस्तर बघूया. ती समजली की बाकीचं कामही वेगळं दिसू लागतं, असं मला वाटतं.

सुरुवात मात्र त्यांच्या आईवडिलांपासून करावी लागेल. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. तरीही त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून समाजाचा रोष झाला, तेव्हा ते सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ या ठिकाणी जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील तोपर्यंत म्हातारे झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवलं ते मुख्यतः आईने. दिवसभर घरकाम, पाहुणे, विद्यार्थी, मग वेळ कुठला? म्हणून भल्या पहाटे, उजाडायच्या आत, लक्ष्मीबाई झोपलेल्या लेकीला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक म्हणून घेत. भागवताचे अठरा हजार श्लोक ज्या मुलीला येऊ लागले, तिची शाळा ही अशी होती. गृहपाठाला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या आपण पालकांनी हे जरा लक्षात ठेवायला हरकत नाही!

कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरे. मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण. मग १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत सगळं संपलं. अन्न नाही, पैसा नाही, आणि अंगमेहनतीचं काम कधी केलेलं नाही. वडील खचले. मरणाच्या आधी त्यांनी सगळ्यात धाकट्या लेकीला, म्हणजे रमाबाईंना, जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हतं. द्यायला घर नव्हतं, दागिना नव्हता. एवढंच होतं. रमाबाईंनी हे पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवलं, म्हणजे ते त्या कधी विसरल्या नाहीत हे उघड आहे. तेव्हा हे घर वैष्णव ब्राह्मणाचं होतं, पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. पण देवाच्या हाती सोपवणं म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना बायबलातून मिळालेला नाही. तो वडिलांकडून मिळाला.

वडिलांमागून आई गेली. ती भुकेने निपचित पडलेली असताना रमाबाई शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण तोंडातून शब्दच फुटेना. त्या बाईने ओळखून भाकरी दिली. आई गेल्यावर स्मशान लांब, आणि खांदा द्यायला फक्त दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. काही काळाने मोठी बहीणही गेली. ही भूक पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इतकं सांगितलं.

भाऊबहीण पायी हिंदुस्थानभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग पुस्तकांत असतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, नोंदणी पद्धतीचा विवाह. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली. नाव ठेवलं मनोरमा. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या त्या काळात या आईबापांनी मनाला रमवणारी असं नाव ठेवलं, यातच बरंच आलं. पण सुख टिकलं नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती आणि मनोरमा दहा महिन्यांची होती.

आता विचार करा. तेवीस वर्षांची विधवा, माहेर नाही, परजातीत लग्न केल्यामुळे नातलगांचा आधार नाही, कडेवर तान्ही मुलगी. ही बाई पुण्याला येते, आर्य महिला समाज काढते, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असं सांगते, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिते आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे करते. एप्रिल १८८३ मध्ये मायलेकी बोटीत बसल्या. मनोरमा नुकती दोन वर्षांची झाली होती. जायचं होतं वैद्यकी शिकायला. पण रमाबाईंना ऐकू कमी येत होतं आणि ते वाढतच गेलं, त्यामुळे डॉक्टर होणं राहिलं ते राहिलंच.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे उतरल्या. या भगिनींची शाखा पुण्यात पंचहौदला होती, तिथली ओळख. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. परक्या देशात, लहान मूल जवळ असताना हा केवढा धक्का असेल! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आपल्यासह मनोरमेचा बाप्तिस्मा करून घेतला. महाराष्ट्रात यावर खूप टीका झाली, आणि ती वर्षानुवर्षं चालली. ती इथे पुन्हा उगाळत नाही. रमाबाईंच्या मनावर कशाचा परिणाम झाला, एवढं मात्र सांगायला हवं. लंडनजवळ फुलहॅमला या भगिनींचं वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवताना त्यांनी पाहिलं, आणि ही माया कुठून येते असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. ग्रंथांचा वाद त्यांनी आयुष्यभर घातला. इथे मात्र त्या वादात न पडता विरघळल्या.

आणि इथूनच खरा पेच सुरू होतो, जो आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. मूल कोणाचं?

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. प्रेम होतंच. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या, त्या काळात मनोरमेचा सांभाळ बराचसा भगिनींनी केला. मुलगी आजारी पडली तर त्याच बघत. पण जो सांभाळतो त्याला वाटू लागतं की वळणही आपणच लावावं. मुलीने चर्चची शिकवण जशीच्या तशी पाठ करावी, असं भगिनींचं मत. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. मला स्वतःला त्रैक्याचं तत्त्व अजून पटलेलं नाही, मग ज्या गोष्टी मोठ्यांना कळत नाहीत त्या तीनचार वर्षांच्या पोरीच्या तोंडात का घालता? तिने देवावर प्रेम करायला शिकावं, बाकीचं तिला समज आल्यावर ती ठरवील. या विषयावर दोघींचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. जेराल्डिनबाईंना रमाबाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटल्या. रमाबाईंना भगिनी मायाळू पण हुकूम चालवणाऱ्या वाटल्या. माझ्या मते दोघींचंही थोडं थोडं खरं होतं. रमाबाई सोप्या बाई नव्हत्या! उपकार घेत होत्या, पण उपकाराच्या बदल्यात मुलीवरचा हक्क सोडायला तयार नव्हत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली. मनोरमा मडमेसारखी वाढू नये. आपल्या देशातल्या बायकांमध्ये ती त्यांच्यातलीच एक म्हणून वावरावी, त्यांच्यापेक्षा वरची कोणी म्हणून नव्हे. रमाबाई स्वतः शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, विधवेची साधी पांढरी साडीच नेसल्या. ख्रिस्ती झालो म्हणजे इंग्रज झालो असं त्यांनी कधी मानलं नाही. आज मुलांना इंग्रजी माध्यमात घालून घरात मराठी कशी टिकवायची या चिंतेत असलेल्या पालकांना हा झगडा ओळखीचा वाटेल.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या फिलाडेल्फियातील पदवीदान समारंभाचं. मनोरमाही बरोबर होती. पण पुढे गावोगाव व्याख्यानं द्यायची, निधी जमवायचा, यात पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कसं फिरणार? मनोरमेला त्यांनी परत वाँटेजला पाठवलं. ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याकडेच! पालकसभेत नेहमी कोणीतरी विचारतं, मुलाला वसतिगृहात ठेवू का, मला नोकरीसाठी बाहेर राहावं लागतं. याचं उत्तर मला देता येत नाही. रमाबाईंनाही ते सोपं गेलं नसणार. पण ज्या मुलींना घरच नाही त्यांच्यासाठी घर उभारायचं, तर स्वतःचं मूल काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवावं लागणार, हे त्यांनी स्वीकारलं. मतभेद असले तरी भगिनी मुलीला जीव लावतील हा विश्वास माणसांवरचाही होता.

जाता जाता आपल्या शिक्षकांसाठी एक माहिती. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि मराठी वाचनमाला तयार करण्याचं काम सुरू केलं. गाणी, वस्तू, खेळ यांतून शिकवायचं, घोकून नव्हे. स्वतः घोकून शिकलेल्या बाईने हे मनावर घेतलं याचं मला कौतुक वाटतं. १८८७ मध्ये त्यांचं हिंदू उच्चवर्णीय स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच वर्षाच्या शेवटी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं मदत करण्याचं ठरलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. मनोरमा आता आईजवळ होती आणि सदनातल्या मुलींमध्येच वाढत होती. धर्माबाबत सदनात सक्ती नव्हती. हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई पहाटे मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. केसरीने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पंचवीसएक मुलींना पालकांनी काढून नेलं. दार लावून घेतलं असतं तर? कदाचित वाद टळला असता. टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असंही नाही, कारण आईसारखी असलेली बाई जे करते त्याकडे लहान मुली ओढल्या जाणारच. रमाबाईंनी दार लावलं नाही. आपल्या मुलीबरोबर देवाची प्रार्थना चोरून करायची नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेत एक बदल झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला नंतर सापडला, असं त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे. आधी बुद्धीने पटवून घेत होत्या, मग हळूहळू रोजच्या जगण्यात टेकायला शिकल्या. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रं त्यांनी वाचली. म्युलर यांनी इंग्लंडमध्ये हजारो अनाथ मुलं कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर सांभाळली होती. हे आपल्याकडे का होऊ नये, असं रमाबाईंच्या मनात आलं.

कसोटी लवकरच आली. १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात लोक मरत असल्याचं कळल्यावर रमाबाई स्वतः गेल्या. छावण्यांतल्या मुली पाहून त्यांना आपली भूक आठवली, आई आठवली, तोंडातून न फुटलेला तो शब्द आठवला. घरात पैसा नव्हता, तरी मुली आणायला सुरुवात केली. पुण्यात तेव्हा प्लेग, त्यामुळे सदनात गर्दी करायला परवानगी मिळेना. मग केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. तीनेकशे मुली आणि बायका जमल्या. हाडांचे सापळे, अंगभर फोड, डोक्यात उवा. आणि स्वभाव? भुकेने माणसाचा स्वभावही बदलतो. कोणी भाकरी चोरून लपवी, कोणी खोटं बोले, कोणी मारामारी करी, कोणी पळून जाई. एका मुलीचं संगोपन अवघड म्हणणाऱ्या आपण या आकड्याचा विचार करावा. रमाबाईंनी सदनातल्या मोठ्या मुलींच्या हाती या लहानग्या सोपवल्या. अंघोळ, भरवणं, अक्षर ओळख, सगळं त्यांनी बघायचं. जी काल विद्यार्थिनी होती ती आज आईच्या जागी आली.

१८९८ मध्ये अमेरिकेच्या असोसिएशनची दहा वर्षं संपली. ती पुन्हा नव्याने उभी राहिली ती शारदा सदनापुरती. केडगावचं मुक्ती सदन मात्र प्रार्थनेवर आणि येईल त्या देणगीवर चालायचं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन वेळचं जेवण, कपडे, पाणी. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसणं असं केडगावला दिसलं नसतं. विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, माग चालवले, छापखाना घातला. मुली टाइप जुळवायला शिकल्या. फुलहॅमला पाहिलेलं लक्षात ठेवून फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढलं.

आणि मनोरमा? शिक्षणासाठी तिला पुन्हा दूर पाठवावं लागलं, आधी इंग्लंड, मग अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं चेसब्रो सेमिनरी. १९०० मध्ये ती परत आली, एकोणीस वर्षांची. दोन देशांत शिकलेल्या मुलीला केडगावच्या माळावर दोन हजार मुलींच्या गराड्यात राहायचं होतं. ती राहिली. लहानपणी आईने जी काळजी केली होती, की पोरगी आपल्याच माणसांत परकी होईल, ती खरी ठरली नाही. मनोरमाबाईंनी शारदा सदनाचं मुख्याध्यापकपद सांभाळलं, अंध मुलींना ब्रेल लिपीत वाचायला शिकवण्याचं काम हाती घेतलं, गुलबर्ग्याला शाळा काढण्यात पुढाकार घेतला. काम सांभाळून १९१७ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली. नोकरी आणि घर सांभाळून बी. एड. करणाऱ्या आपल्या अनेक ताईंना हे वाचून बरं वाटेल.

रमाबाई तोपर्यंत जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. पत्रव्यवहार, हिशेब, पाहुणे, सगळीकडे मनोरमाबाई आईचे कान झाल्या. आपल्यामागे मुक्ती हीच सांभाळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रमाबाईंनी स्वतःला एका मोठ्या कामाला वाहून घेतलं होतं : मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला जड जातं असं त्यांचं मत होतं. त्यासाठी उतारवयात त्या या भाषा शिकल्या. त्यांचं भाषांतर वाचायला थोडं कोरडं आहे, हे मान्य करायला हवं. पण ज्यांच्यासाठी केलं त्या बायका कोण होत्या हे लक्षात घेतलं तर तक्रार करवत नाही.

मनोरमाबाईंची तब्येत बिघडत गेली. हृदयाचा विकार होता. जुलै १९२१ मध्ये त्या गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. ज्या मुलीसाठी धर्ममातेशी भांडल्या, जिला दोनदा समुद्रापार पाठवलं आणि दोनदा परत आणलं, ती आधी गेली. रमाबाईंची स्वतःची तब्येतही खालावलेली होती. मुक्तीत तेव्हाही शेकडो मुली होत्या, त्यांना जेवण लागत होतं, शाळा भरत होती, छापखाना चालू होता. वारसाची व्यवस्था नव्याने बघावी लागली, ती त्यांनी बघितली. बायबलची प्रुफं त्यांच्याकडे येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मनोरमेला जाऊन साडेआठ महिने झाले होते. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. त्याची अक्षरं केडगावच्या मुलींनी जुळवली होती.